फुटामागं एक सूत

उद्यमनगरात आमचं दुकान. दुकान म्हणजे पत्रा,
एक बँडसॉ, दोन रंधे, आणि नाकात जाणारा सागाचा भुसा.
मी पॅटर्न करतो. पंपाचं घर आधी लाकडात,
मग ते शिरोलीला जातं, फौंड्रीत, काळ्या वाळूत दाबलं जातं,
काढून घेतात,
आणि त्याच्या नसण्यात लोखंड ओततात.

माझी पट्टी स्टेशनरीच्या दुकानात मिळत नाही.
फुटामागं एक सूत लांब असते.
निवताना लोखंड आवळतं,
म्हणून मापात ती चूक आधीच घालून ठेवायची.
पट्टी बापूंची. पितळी टोकं झिजलेली.

गुडघाही बापूंचाच.

सीपीआरमध्ये डॉक्टरीणबाईंनी एक्सरे उजेडाला धरला.
म्हणाल्या, इथं दोन हाडांत फट असते, कूर्चा असते.
मी पाहिलं.
फट असायची जागा तेवढी दिसली.
‘घरात आणखी कुणाला?’
बापूंना. बायाक्का आत्याला,
रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसली की उठवायला दोन माणसं लागायची.
आणि शामरावकाकांना.
काका कधी तालमीत गेले नाहीत, ओझं उचललं नाही,
पोस्टात खुर्चीवर बसून तिकिटांवर शिक्के मारले,
तरी पन्नाशीत पाय कंसासारखे,
मधून मांजर जाईल एवढे.
‘आणि तुम्ही काय करता?’
बत्तीस वर्षं उकिडवा बसतो, म्हटलं.
त्यांनी दोन्ही लिहून घेतलं,
एकाच ओळीत, मध्ये अधिकचं चिन्ह.

मी विचारलं, चूक नेमकी कुठं हाय?
पॅटर्नमध्ये चूक असली तर मी बोट ठेवून दाखवतो,
इथं कोर हलला, इथं उतार कमी पडला.
बाई हसल्या. एक चूक नाही म्हणाल्या,
शेकडो, एकेक केसाएवढी,
काही आईकडची, काही बापाकडची,
आणि सगळ्या असूनही एखादा ऐंशीत सरळ चालतो.
वजन, मार, कामाची बैठक, हे सगळं वर येऊन बसतं.
‘नियम नाही हो. कल असतो.’

कल कळतो मला.
लेव्हलमधला बुडबुडा रेघेच्या अलीकडं थांबतो
आणि कोण किती ओरडलं तरी तिथंच थांबतो.

घरी समिधा मोजे धूत होती.
सोळा वर्षांची. गोलकीपर.
रविवारी मी स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसतो,
चढताना कठडा धरून, एकेक पाय गोळा करत.
ती डावीकडं झेपावते, गुडघ्यावर आदळते,
बॉल पोटाशी घेऊन उठते, माती झटकते.
पेठेतली पोरं बोंबलतात.
मी मातीकडं बघतो, गुडघ्याच्या आकाराचा एक खळगा,
साच्यात राहतो तसाच.

तिला सांगायचं का?
आणि काय सांगायचं? खेळू नको?
शामरावकाका कुठं खेळले होते?

तीन दिवस बोललो नाही.
चौथ्या दिवशी आईनंच सांगून टाकलं, भाकरी थापताना, सहज,
की तुझ्या बापाचे गुडघे गेले, आत्याआजीवर गेलेत.
समिधा म्हणाली, मग माझे?
कुणी काही बोललं नाही.
तव्यावरची भाकरी फुगली आणि फुटली.

बाईंनी व्यायाम दिलाय. खुर्चीत बसायचं,
पाय सरळ उचलायचा, दहा मोजायचे.
मांडी घट्ट झाली तर गुडघ्याचं ओझं मांडी घेते म्हणे.
वजन बांधायचं होतं, म्हणून फौंड्रीतून वाळू आणली,
जुन्या उशीच्या अभ्र्यात शिवली, दोन पिशव्या.
एक घोट्याला बांधली.
दुसरी समिधानं उचलली, न विचारता.

आता रात्री आठला आम्ही शेजारी बसतो.
टीव्हीवर बातम्या, पायाला वाळू.
माझा पाय सातावर थरथरतो.
ती वीस मोजते. परवा तीस मोजले.
म्हटलं, बास झालं गं, दहाच सांगितलेत.
म्हणाली, असू द्या बाबा, जरा जास्तच धरू,
पुढं आवळतंय म्हणता ना.